एक कप चहाचा जमाखर्च



वार्षिक अहवाल म्हटला की ताळेबंद आणि जमाखर्च पत्रक ओघाने आलेच. ती पत्रके अन्यत्र दिली आहेत. येथे मात्र एका निराळ्या हिशेबाची मांडणी करीत आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे लेखात काही उणे आढळल्यास भाषेचा दोष माझा मानावा. वैद्यकीय मजकूर आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी डोळ्यांखालून घातलेला आहे.

नोंद न झालेला चहा

सोयाबीनच्या कापणीचे दिवस होते. तालुक्यातील एका खेड्यातून एक वृद्ध माता पायाच्या जखमेसाठी आपल्याकडे दाखल झाली. मधुमेह जुना. शस्त्रक्रियेपूर्वी उपाशीपोटी रक्तातील साखर तपासावयाची होती. अहवाल आला तो अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक. शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. मुलाला विचारले तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, ''काहीच नाही दिलं जी खायाले, नुसता चहा पाजला मायले.''

त्या कपात तीन चमचे साखर होती. तपासणी पुन्हा करावी लागली, दोन दिवस लांबले, आणि ऐन हंगामात त्या मुलाची दोन दिवसांची मजुरी बुडाली.

सर्वांनी त्यालाच बोल लावला. मी मात्र आमचा सूचनापत्रक मागवून वाचला. त्यात लिहिले होते, 'रात्री दहानंतर काहीही खाऊ नये.' त्याने सूचना अक्षरशः पाळली होती. चहा कोणी खात नाही, चहा घेतला जातो. चूक आमच्या कागदाची होती.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर चहा हा आपल्या घरातील किरकोळ खर्च आहे. तो वहीत चढत नाही आणि वर्षाअखेरीस शिल्लक जुळत नाही, तेव्हा कोणाला आठवतही नाही.

हिशेबाची रीत

चहाच्या पत्तीत आणि पाण्यात मोजण्याजोग्या कॅलरी नाहीत. कोरा, बिनसाखरेचा चहा कितीही घेतला तरी या खात्यावर जवळजवळ शून्यच पडते. खर्च आहे तो दोनच बाबींचा : साखर आणि दूध.

साखरेचा हिशेब सोपा आहे. एका ग्रॅममध्ये सुमारे ४ कॅलरी. चहाच्या एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर मावते, म्हणजे चमच्याला २० कॅलरी. चमचा शिगोशीग भरला तर आकडा सहज दीडपट होतो. गुळाचा चहा प्रकृतीस निर्दोष, असा समज आपल्याकडे फार आहे. गुळात थोडे क्षार अवश्य असतात, परंतु कॅलरीत तो साखरेच्या बरोबरीचाच आहे. मधुमेही व्यक्तीने दोहोंत भेद करू नये.

दुधाचा हिशेब दुधाच्या जातीवर अवलंबून आहे. १०० मिलिलीटर म्हशीच्या दुधात सुमारे ११०, गाईच्या दुधात सुमारे ७०, तर पिशवीतील टोण्ड दुधात ६० च्या आसपास कॅलरी असतात. फरक मुख्यतः स्निग्धांशाचा आहे, कारण एक ग्रॅम स्निग्धांश ९ कॅलरी देतो. टोण्ड दुधात तो ३ टक्के आणि डबल टोण्डमध्ये १.५ टक्का असतो. म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के.

आता एक कप मांडून पाहू. म्हशीचे दूध ६० मिलिलीटर : ६६ कॅलरी. साखर दोन चमचे : ४० कॅलरी. एकूण १०६. हाच कप गाईच्या दुधाचा केला तर ८२, टोण्ड दुधाचा केला तर ७६. दूध निम्मे आणि साखर एक चमचा केली, तर म्हशीच्या दुधाचाही चहा ५३ वर येतो.

दिवसाला असे पूर्ण पाच कप, म्हणजे ५३० कॅलरी. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी सुमारे २०० कॅलरी देते. म्हणजे पाच कप चहा अडीच भाकरींहून थोडा अधिकच भरतो. भाकरीने पोट भरते व ती मोजली जाते. चहाने पोट भरत नाही आणि तो मोजलाही जात नाही.

टपरीवरचा चहा तासन्‌तास उकळत असतो. उकळण्याने पाणी उडून जाते. साखर आणि स्निग्धांश पातेल्यातच राहतात. तेव्हा छोटा ग्लास म्हणून त्याला लहान खर्च समजू नये. दुधात घालावयाच्या चविष्ट पावडरींतही साखरेचा वाटा बराच असतो. डब्यावरील आकडे वाचूनच त्यावर वरून साखर घालावी की कसे, ते ठरवावे.

मर्यादा कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले की, वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक हितावह. २००० कॅलरींच्या आहारात याचा अर्थ अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम. वरील पाच कपांत ५० ग्रॅम साखर गेलीच. शिरा, बिस्किटे व पाहुण्यांकडचा पेढा यांसाठी खात्यात काहीही शिल्लक उरली नाही.

चमचे मोजण्याचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी एक व्यापारी युक्ती सांगतो. किराण्याची यादी काढावी. महिन्याच्या साखरेला घरातील माणसे आणि तीस दिवस यांनी भागावे. पाच माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो साखर लागत असेल, तर माणशी रोज ३३ ग्रॅम पडते. यादी खोटे बोलत नाही. दर कपात फक्त एक चमचा कमी केला, तर पाच कप घेणाऱ्या एका माणसामागे वर्षाला ९ किलोंहून अधिक साखर वाचते.

हा प्रश्न केवळ स्थूल व्यक्तींचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय देहातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. 'मी तर काटकुळा, मला काय होते?' हे समाधान म्हणूनच पुरेसे नाही.

वहीची दुसरी बाजू

तथापि, केवळ खर्चाची बाजू वाचून दाखविणे हा अप्रामाणिकपणा होईल. आपल्या बाह्यरुग्ण विभागात असेही अनेक जण येतात ज्यांच्या अंगावर मांस नाही. निंदणीला जाणारी स्त्री पहाटे चहा घेऊन शेतात जाते आणि भाकरी दुपारी खाते. तिच्यासाठी चहा हा न्याहारीला पर्याय झालेला असतो. भूक मरते, परंतु अंगी काही लागत नाही. शिवाय चहातील टॅनिन अन्नातील लोह शरीरात शोषले जाऊ देत नाही. भारतातील प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत जेवणाआधी व नंतर एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. लोहाची गोळी तर चहासोबत कदापि घेऊ नये.

क्षयरोगातून उठणाऱ्या किंवा वजन घटलेल्या रुग्णाला हाच हिशेब उलट वाचावा लागतो. त्याच्यासाठी म्हशीचे साईचे दूध ही जमा आहे. मात्र ते चहात थेंबभर न घालता पेलाभर द्यावे. दूध चहात गेले की साखर वाढते आणि दूध कमी होते.

काही सावधगिरी

१. उपाशीपोटी तपासणीपूर्वी किमान आठ तास चहा, दूध, कॉफी यांपैकी काहीही घेऊ नये. साधे पाणी चालते.

२. इन्सुलिन अथवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला अचानक घाम सुटला, थरथर वा भोवळ आली, तर साखर कमी झाल्याची शक्यता असते. रुग्ण शुद्धीवर असेल तर अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. तेथे कॅलरी मोजत बसू नये. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही न घालता त्यास तातडीने रुग्णालयात आणावे.

३. मूत्रपिंड वा हृदयाच्या विकारात डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असल्यास चहाही त्या पाण्यातच धरावा.

४. औषधांत वा आहारात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

आम्ही काय बदलले

चहा नाकारणे वऱ्हाडात अवघड आहे. ''अर्धा तरी घ्या ना जी'' या आग्रहाला नकार दिला तर माणूस दुखावतो. खरे पाहता ही रीत फार जुनी नाही. इंग्रजी अमदानीत १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसवून त्या पैशातून चहाचा प्रसार केला गेला आणि फुकट चहा पाजून लोकांना गोडी लावली गेली. दोन-तीन पिढ्यांत जी सवय लागली, ती एका पिढीत थोडी आवरता येईल, असा भरवसा वाटतो.

सूचनापत्रकात आता ठळक अक्षरांत ओळ आहे : 'काहीही खाऊ नये, चहासुद्धा घेऊ नये.' उपाहारगृहातील चहा फिका करून साखर वेगळी दिली जाते. पहिल्या आठवड्यात तक्रारी आल्या, विश्वस्तांच्या बैठकीतही आल्या. पुढे अनेकांच्या लक्षात आले की, स्वतःच्या हाताने साखर घालावयाची असली की दुसऱ्या चमच्याला हात जरा थबकतो.

आपल्या देणग्यांची पै न्‌ पै आम्ही वहीत लिहितो. एकच विनंती करतो : एक आठवडा आपल्या घरातील चहाचे कप आणि चमचे कोठेतरी लिहून ठेवावेत. त्या मातेची जखम पुढे भरून आली आणि ती आपल्या पायांनी घरी गेली. तपासणीला येते तेव्हा तिचा मुलगा आधीच बजावून सांगतो, ''आज चहासुद्धा नाही पाजला जी.''

आपला नम्र,
व्यवस्थापक