मुंबई ते लंडन : वाऱ्याचा हिशेब

मुंबईहून लंडनपर्यंतचें हवाई अंतर सरळ मार्गानें सुमारें ७,२०० किलोमीटर भरतें. ता. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून निघालेलें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान कैरो व जिनिव्हा येथें उतरून लंडनला पोहोंचलें. आजचीं विमानें वाटेंत न थांबतां जातात. त्यांचा वेग ताशीं ९०० किलोमीटर धरिला, तर भागाकारानें आठ तास येतात. मग जातांना वेळ अधिक व परततांना कमी कां लागतो?

त्या उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हें त्याचें कारण होय. हा वारा ताशीं १०० किलोमीटर आहे असें आपण समजूं. जातांना तो समोरून येतो. म्हणून ८०० च वेग उरतो व नऊ तास लागतात. परततांना वेग १,००० होऊन ७ तास १२ मिनिटें पुरतात.

वाऱ्यानें जें घेतलें तेंच परत दिलें, असें पुष्कळांस वाटेल. परंतु बेरीज करून पाहावी. वारा नसता तर सोळा तास लागते. येथें १६ तास १२ मिनिटें होतात! विरोध नऊ तास सोसावा लागतो, साहाय्य मात्र त्याहून थोडा वेळ मिळतें. म्हणून तूट भरून निघत नाहीं. विमानांत इंधन भरतांना ह्यासाठींच वाऱ्याचाही विचार करावा लागतो.

वाऱ्याचा वेग ३०० धरून विद्यार्थ्यांनीं हेंच गणित घरीं सोडवावें व पालकांनीं तें तपासावें, असें आम्ही सुचवितों. उत्तर अठरा तास यावयास हवें.