गाडीखालचा डाग : ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील ओळखायचं कसं, बदलायचं कसं

"ऑइल सील म्हणजे काय?" हा प्रश्न मला मशीन डिझाइनच्या ओरलला विचारला होता. "सर, ऑइल लीक होऊ नये म्हणून बसवतात ते," एवढं बोलून मी सुटलो. मार्कही मिळाले. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं ते रेक्टर सरांच्या गाडीखाली आडवं पडून, कपाळावर गिअर ऑइलचा थेंब झेलत.

सरांची मारुती ८०० होस्टेलमध्ये कुणाला माहीत नाही? १९८३ साली भारतात आलेली ही गाडी कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये बनवणं बंद केलं. सरांची गाडी २००६ ची. रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं की हीच आपली अॅम्ब्युलन्स. तिच्या जागेवर फरशीवर कायम एक काळा डाग असायचा आणि आम्ही हसायचो, "तेल गळतंय म्हणजे आत तेल आहे, काळजी कशाला?"

गेल्या पावसाळ्यात फर्स्ट इयरच्या एका मुलाला रात्री दोन वाजता पोटात जोरात दुखायला लागलं. अपेंडिक्स निघालं. वेळेत पोहोचलो, ऑपरेशन झालं, पोरगं आता मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खातं. पण जाताना गाडीतून सतत 'ऊंऽऽ' असा आवाज येत होता. वेग वाढला की आवाज वाढायचा. गाडी मध्येच बंद पडली असती तर काय, हा विचार परत येताना सगळ्यांच्याच मनात होता, बोललं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने निकाल दिला : "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी विका." सरही जवळजवळ तयार झाले होते. तेव्हा वर्कशॉपचे मामा म्हणाले, "सर, आधी तेल कुठून जातंय ते तरी बघू द्या पोरांना."

या लेखात आम्ही काय बघितलं, काय केलं आणि कुठे चुकलो ते क्रमाने सांगतो.

आधी थोडी थिअरी

या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं आहे आणि पुढची चाकं फिरतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच केसिंगमध्ये. तिथून दोन बाजूंना दोन ड्राइव्ह शाफ्ट निघून चाकांपर्यंत जातात. फिरणारा शाफ्ट केसिंगमधून बाहेर येतो त्या जागी भोक आलंच, आणि आत तेल उडत असतं. त्या भोकावर जो पहारेकरी बसतो तो म्हणजे ऑइल सील.

सील म्हणजे नुसती रबरी रिंग नव्हे. बाहेरून पत्र्याचं कडं, ते केसिंगच्या बोअरमध्ये घट्ट बसतं. आत रबराचा पातळ ओठ, तो शाफ्टला टेकतो. ओठाच्या मागे बारीक गोल स्प्रिंग, तिला गार्टर स्प्रिंग म्हणतात. ती ओठाला शाफ्टवर दाबून धरते. बऱ्याच सीलना बाहेरच्या बाजूला आणखी एक छोटा ओठ असतो, तो धूळ-चिखल अडवतो. गंमत अशी की ओठ शाफ्टवर कोरडा घासत नाही. मध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यावरच ओठ टिकतो. नवीन सील कोरडं बसवलं तर पहिल्याच फेऱ्यांत ओठ जळतो, त्याचं कारण हेच.

आता वेगाचा हिशोब करू. टायर १४५/७० आर १२. म्हणजे व्यास साधारण ५०८ मिमी, परिघ १.६ मीटर. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणून चाक सेकंदाला सुमारे साडेदहा फेरे, मिनिटाला ६३० च्या आसपास. शाफ्ट उदाहरणादाखल ३५ मिमी धरला तर ओठाखालचा वेग सेकंदाला जेमतेम १.१५ मीटर. साध्या नायट्राइल रबराच्या सीलला हा वेग म्हणजे काहीच नाही. मग सील खराब का होतं? वेगामुळे नाही, तर पुढच्या कारणांमुळे :

१. उष्णता आणि वय. रबर कडक होतं, ओठाला चिरा जातात.
२. शाफ्टवर ओठाच्या जागी खाच पडते. वर्षानुवर्षं धूळ ओठाखाली जाऊन पॉलिश पेपरचं काम करते.
३. गिअरबॉक्सचा ब्रीदर चिखलाने बुजतो. आतली हवा तापून फुगते, बाहेर जायला वाट नाही, मग ती तेलाला सीलमधून ढकलते.
४. डिफरन्शिअलचं बेअरिंग झिजून शाफ्ट डगडगतो.
५. आधी कुणीतरी शाफ्ट काढताना-घालताना ओठ फाडलेला असतो.

तिसरं आणि चौथं कारण असेल तर नुसतं सील बदलून उपयोग नाही. थोड्याच दिवसांत डाग परत.

निदान : कुठलं तेल, कुठून?

आम्ही पहिली चूक इथेच केली. गाडीखाली तेल दिसलं की इंजिन ऑइलच, असं धरून चाललो. पण इंजिनची डिपस्टिक महिनाभर तिथल्या तिथे होती. इंजिनातलं कमी होत नाही आणि खाली तर तेल पडतंय, मग ते इंजिनचं कसं? इतका सरळ प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नव्हता.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा, चाकांच्या जागा पेनने आखा, सकाळी डाग बघा. मग रंग, वास आणि बोटावरचा चिकटपणा :

- इंजिन ऑइल : वापरलेलं असेल तर काळपट, जळका वास.
- गिअर ऑइल : जास्त दाट, पिवळसर-तपकिरी, आणि गंधकासारखा उग्र वास. दाताला दात घासताना धातू वाचावा म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं घातलेली असतात, त्याचा हा वास. एकदा घेतला की विसरत नाही.
- ब्रेक ऑइल : पातळ, डाग बहुधा चाकाच्या आतल्या बाजूला. हे दिसलं तर गाडी जागची हलवायची नाही.
- कूलंट : पाण्यासारखं, रंगीत, गोडसर वास.
- जॉइंटचं ग्रीस : थेंब पडत नाहीत. फाटलेल्या रबरी बूटमधून ते गोल उडतं आणि चाकाच्या रिमला, आजूबाजूच्या पत्र्याला काळे फटकारे दिसतात.

आमचा डाग डाव्या चाकाच्या बाजूला आणि वास गंधकाचा. तरी घाई केली नाही, कारण चालत्या गाडीखालची हवा तेल मागे आणि आजूबाजूला पसरवते. जिथे जास्त ओलं दिसतं तिथूनच गळतं असं नसतं. सगळा भाग रॉकेल आणि ब्रशने धुतला, सुकवला, वर रूम पार्टनरची टाल्कम पावडर शिंपडली. पण गाडी चालवायच्या आधी गिअरबॉक्सचा लेव्हल प्लग उघडून बघितला. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं; आमचं बोट आत घालूनही लागेना! तेल भरून घेतलं, पंधरा किमी फिरवली आणि टॉर्च घेऊन खाली गेलो. पांढऱ्या पावडरवर एकच ओली रेघ, बरोबर डाव्या शाफ्टच्या मुळाशी. आणि 'ऊंऽऽ' आवाजही बराच उतरला होता.

वीस थेंब म्हणजे साधारण एक मिली. मिनिटाला एक थेंब धरला तर दिवसाला १४४० थेंब, म्हणजे ७२ मिली. छोट्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल दोन लिटरच्या आसपास असतं. चार आठवड्यांत खडखडाट! आम्ही ज्या डागावर विनोद करत होतो तो हा होता.

शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघितला, डगडग नाही. ब्रीदर मोकळा होता. म्हणजे दोषी सीलच.

कृती

सर्वांत आधी सुरक्षा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. जॅक लावून पुढची बाजू उचला आणि स्टँडवर टेकवा. आमचा एक मित्र नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायला निघाला, तेव्हा मामांनी त्याला कॉलर धरून मागे ओढलं. "जॅक उचलायला असतो रे, झोपायला नाही!" हे वाक्य आता लॅबच्या फळ्यावर लिहिलंय.

१. तेल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतो का बघा. तेल काढून टाकलं आणि भरायचा प्लग जाम निघाला, तर गाडी तिथेच बसली. मग खालचा ड्रेन प्लग काढून तेल भांड्यात घ्या. त्यात राखाडी, लोण्यासारखा बारीक गाळ दिसला तर चालतं. धातूचे तुकडे दिसले तर थांबा, दुखणं मोठं आहे.

२. चाक काढा. स्टॅबिलायझर बारच्या ब्रॅकेटचे बोल्ट ढिले करा आणि लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून सोडवा. आता नकल बाहेर झुकवता येतं. ब्रेकच्या होजवर ताण येऊ देऊ नका.

३. आतला जॉइंट डिफरन्शिअलमध्ये सरक्लिपवर अडकलेला असतो. शाफ्टला धरून ओढायचं नाही. ओढलात तर बूटच्या आत जॉइंट सुटा होतो. जॉइंटचा डबा आणि केसिंग यांच्यामध्ये टॉमी घालून एक झटका द्या. 'खट्' करून सुटतो. उरलेलं तेल इथे बाहेर येतं (कपाळावरचा थेंब तो हाच). शाफ्ट लोंबकळत न ठेवता तारेने बांधा. दोन्ही बाजूंची सील बदलायची असली तरी एका वेळी एकच शाफ्ट काढा. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही काढले तर आतले गिअर जागेवरून सरकतात.

४. जुनं सील किती आत बसलंय ते व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा. मग हूकने किंवा स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढा. बोअरला ओरखडा पडता कामा नये, नाहीतर नवीन सीलच्या बाहेरून तेल येईल.

५. सीलवर तीन आकडे असतात : शाफ्टचा व्यास, बोअरचा व्यास आणि जाडी. नवीन सील जुन्याशेजारी ठेवून आकडे जुळवा. डावं-उजवं एकच असेल असं गृहीत धरू नका.

६. जॉइंटच्या गुळगुळीत भागावर नख फिरवा. नख अडकलं तर खाच आहे. खाच हलकी असेल आणि बोअरमध्ये जागा असेल तर सील एखादा मिलीमीटर पुढे-मागे बसवून ओठाला नवी जागा देता येते. खोल असेल तर जॉइंटच बदलावा लागतो. आमचं नख अडकलं नाही, नशीब.

७. बोअर पुसा. ओठाला गिअर ऑइल लावा. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. आता दुसरी चूक सांगतो. मी सीलवर सरळ हातोडी मारली. सील तिरकं गेलं, कडं वाकलं, सील कचऱ्यात! मामा काही बोलले नाहीत, फक्त लेथकडे बोट दाखवलं. बोअरपेक्षा अर्धा मिलीमीटर कमी व्यासाचा तुकडा टर्न केला, सीलवर सपाट धरला आणि हलके ठोके देत मोजलेल्या खोलीपर्यंत नेलं. दोन मिनिटांत सरळ बसलं. फर्स्ट इयरला फेसिंग-टर्निंगचे जॉब का करवून घेतात, ते तेव्हा कळलं.

८. नवी सरक्लिप घाला. शाफ्टला आधार देत, त्याचे दाते ओठाला न लागू देता सरळ आत सरकवा. 'खट्' ऐकू आलं पाहिजे. मग जॉइंटचा डबा धरून हलकं ओढून बघा, बाहेर येता कामा नये.

९. सोडवलेलं सगळं उलट क्रमाने जोडा. नट-बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने घट्ट करा. चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने, आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर.

१०. तेल भरताना गाडी सपाट हवी. पुढून उचललेल्या गाडीत लेव्हल खोटी दिसते. आम्ही गाडी ढकलत लॅबच्या पिटवर नेली (तेलाशिवाय चालवायची नाही!) आणि भोकातून तेल ओघळेपर्यंत भरलं. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड असेल तोच घ्या. जीएल-४ सांगितलं असताना "जास्त भारी" म्हणून जीएल-५ ओतू नका. त्यातली रसायनं काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगना मानवत नाहीत.

वीस किमी फिरवून आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पुठ्ठा बघितला. कोरडा! जुनं तेल गटारात न ओतता कॅनमध्ये भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याकडे दिलं.

शेवटी

गाडी विकली गेली नाही. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तो आवाज पूर्ण गेला नाही. मोठ्या वेगाला अजून बारीक 'ऊं' येतो. तेलाशिवाय जे किलोमीटर गेले त्यांत बेअरिंगचं जे नुकसान झालं ते नव्या सीलने भरून निघत नाही. आम्ही रोज त्या डागावरून उडी मारून मेसला जात होतो. त्यातले निम्मे तर मेकॅनिकलचे! कुणीतरी एक दिवस खाली वाकून बोट लावून वास घेतला असता, तर काम एका सीलवर आणि दोन लिटर तेलावर भागलं असतं.

तेव्हा मंडळी, आज रात्री आपापल्या गाडीखाली एक पुठ्ठा टाकून बघा. आणि ओरलला कुणी ऑइल सील विचारलं, तर एवढंच म्हणू नका की "लीक होऊ नये म्हणून बसवतात."