होहच्या हिरव्या दरीत एक दिवस

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या पश्चिम अंगाला होह नदीची दरी आहे. पॅसिफिकवरून आलेले ढग ऑलिंपिक पर्वताला अडतात आणि दरीत वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर पाऊस पाडतात. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथे ऑक्टोबरपासून मेपर्यंत पावसाची रिपरिप असते, उन्हाळ्यातही धुकं झाडांना ओलं ठेवतं. थंड हवेतलं हे वर्षावन घाईने बघू नका. इथे सर करायला गड नाही.

कधी, कसं जायचं?
सिएटलहून गाडीने चार तास लागतात, म्हणून आदल्या रात्री फोर्क्स गावात मुक्काम करा. तिथून दरी तासाभरावर आहे. पेट्रोल, जेवणाचा डबा आणि नकाशा फोर्क्समध्येच घ्या. पुढे मोबाइलला रेंज नसते. जुलै-ऑगस्ट त्यातल्या त्यात कोरडे, पण गर्दीचे. पार्किंग भरलं की गाड्या प्रवेशद्वारावर थांबवतात, तेव्हा सकाळी आठच्या आत पोहोचा. निघण्याआधी रस्ता चालू आहे का, ते तपासा. डिसेंबर २०२४ च्या पुरात तो खचला आणि मे २०२५ पर्यंत बंद होता.

सकाळ
सुरुवात 'हॉल ऑफ मॉसेस'ने करा. वाट जेमतेम १.३ किलोमीटरची, मुलांकडे आलेल्या आईबाबांनाही झेपणारी. मॅपलच्या फांद्यांवरून शेवाळाच्या झालरी लोंबतात. शेवाळ झाडाचं रक्त पितं असं वाटेल, पण ते पाऊस आणि हवेवरच जगतं. त्याच्या गादीत माती साठते आणि मॅपल आपल्याच फांद्यांतून त्या मातीत मुळं सोडतं. दोर बांधून झाडांवर चढणाऱ्या नलिनी नाडकर्णी यांनी हे शोधून १९८१ मध्ये जगापुढे मांडलं. त्यांचे वडील भारतातून तिकडे गेलेले.

नंतर १.९ किलोमीटरची 'स्प्रूस नेचर ट्रेल' घ्या. तिथे एखाद्या आडव्या पडलेल्या खोडापाशी पाच मिनिटं उकिडवे बसा. जमीन नेच्यांनी आणि शेवाळाने इतकी झाकलेली असते की बी रुजायला जागाच मिळत नाही. म्हणून स्प्रूस आणि हेमलॉकची रोपं मेलेल्या खोडावर उगवतात. बोटभर उंचीची रोपं ओळीने उभी दिसतील. अशा खोडाला तिथे 'नर्स लॉग' म्हणतात. आपण दाई म्हणू. शेकडो वर्षांनी खोड कुजून नाहीसं होतं आणि त्यावर वाढलेले वृक्ष एका रांगेत, मुळांच्या कमानींवर उभे राहतात. कमानीखालच्या पोकळीएवढी त्या दाईची जाडी होती.

दुपार
दम असेल तर 'होह रिव्हर ट्रेल' धरा. ती पुढे माउंट ऑलिंपसच्या हिमनदीकडे जाते. दीड किलोमीटरवर नदीकाठ लागतो, तिथे डबा खा. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे पाणी दुधी दिसतं. 'फाइव्ह माइल आयलंड'पर्यंत आठ किलोमीटर सपाट चाल आहे. जाऊन-येऊन सहा तास धरा.

वाटेत रूझवेल्ट एल्क दिसतील. हे आपल्या सांबराच्या कुळातले. त्यांच्या रक्षणासाठीच १९०९ मध्ये हा मुलूख राखीव झाला. निदान ४५ मीटर लांब राहा. सप्टेंबरात माजावर आलेले नर अंगावर येऊ शकतात.

सोबत काय?
चांगला रेनकोट, लोकरीचे जादा मोजे, पकड असलेले बूट आणि गरम चहाचा थर्मास. सुती कपडे टाळा; भिजले की वाळत नाहीत आणि थंडी भरते.

फोटोसाठी खोडावर चढू नका. तुमच्या बुटाखाली बोटभर उंचीचं जे रोप चिरडेल, ते जगलं असतं तर आणखी पाचशे वर्षं तिथे उभं राहिलं असतं.