नदीकाठचं घर: आधी पूररेषा, मग खिडक्या

प्रश्न : बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीकाठी आमचा प्लॉट आहे. वीजबिल कमी येईल असं घर बांधायचंय. नदीकडे मोठ्या काचा लावाव्यात का?

उत्तर : काचांचं नंतर बघू. आधी जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा पाहा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्लॉट निळ्या रेषेच्या आत असेल तर घराचा विचार सोडा, हे मी कळकळीने सांगतो. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती. दोन रेषांच्या मध्ये असेल तर परवानगीच्या अटी तपासा, जोतं लाल रेषेच्या वर घ्या आणि मीटर, इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर ठेवा.

तुमची नदी पश्चिमेला, म्हणजे एप्रिल-मेचं दुपारचं ऊन थेट त्या काचांवर. मग एसी लावावाच लागतो. तिकडे खोल व्हरांडा काढा, बाहेरून बांबूचे पडदे सोडा. नैर्ऋत्येचा वारा आत घ्या, पण त्याला पूर्वेकडून बाहेर पडायला वाट हवीच. पावसाची झड त्याच बाजूने येते, म्हणून छज्जे रुंद ठेवा. सोलर पॅनल दक्षिणेकडे, सुमारे 19 अंश कलते बसवा.