पहिले घर भाड्याने देताना

सावद्यात केळीच्या व्यवहारातून चार पैसे हाती आले की घरातला पदवीधर मुलगा म्हणतो, "अब्बा, एक घर घेऊन भाड्याने देऊ." विचार वाईट नाही. पण आम्ही कापडवाले, खर्च धरल्याशिवाय ठाणाचा भाव काढत नाही. इथेही तसेच करावे.

समजा, घर १० लाखांचे, भाडे महिना ४,००० रुपये. एक महिना रिकामा धरला तर वर्षाला ४४,००० येतील. घरपट्टी, रंग, नळदुरुस्ती यांत ८,००० गेले, उरले ३६,०००. म्हणजे शेकडा ३.६. कर्जाचा हप्ता यातून फिटत नाही.

खरी चूक कागदात होते. अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला की झाले, असा समज आहे. आम्हीही तसेच केले होते. वर्षभराने भाडेकरू म्हणाला, वीजबिल मालकाने भरायचे ठरले होते! कागदात विजेचा शब्दच नव्हता.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

राहण्यासाठी 'लीव्ह अँड लायसन्स'ने दिलेले घर मुदत संपूनही सोडले नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो. दुकानाच्या गाळ्याला ही वाट नाही. म्हणून नवख्याने पहिली खरेदी गाळ्याची करू नये, असे आमचे मत आहे. नोंदणीचा खर्च कोणी द्यायचा, तेही बोलीतच ठरवून घ्यावे.