कुकी: काळजी कशाची करावी, कशाची नाही

कुकी म्हणजे वेबसाइटने वापरकर्त्याच्या ब्राउझरकडे ठेवायला दिलेली मजकुराची छोटीशी नोंद. ती व्हायरस नव्हे, स्वतःहून काही करतही नाही. तिची गरज पडली ती वेबच्या विसराळूपणामुळे. एचटीटीपीच्या नियमांत प्रत्येक विनंती सुटी असते; दुसरे पान मागणारा तोच आहे की वेगळा, हे सर्व्हरला कळत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी त्यावर हा उपाय काढला.

लॉगिन होताच सर्व्हर एक लांबलचक क्रमांक कुकीत घालून देतो आणि पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर ब्राउझर तो दाखवत राहतो. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरचा बिल्लाच हा: तिथे चेहरा कोणी पाहत नाही, बिल्ला ज्याच्या हाती, चपला त्याच्या. मार्च २०२३ मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ या यूट्यूब चॅनलचा ताबा असाच गेला. प्रायोजकाचा प्रस्ताव समजून कर्मचाऱ्याने फाइल उघडली आणि तिच्यातल्या घातक प्रोग्रामने ब्राउझरमधली लॉगिनची नोंद पळवली. चोरांना ना पासवर्ड लागला, ना ओटीपी. तंत्रज्ञानावरच चालणाऱ्या चॅनलची ही गत!

सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये फॉर्म भरणाऱ्यांना येणारा अनुभव याच जातीचा. टॅब बंद केला की काम संपले असे वाटते. कुकी मात्र तशीच राहते आणि पुढच्या माणसासमोर आधीच्याचा मेल उघडतो. परक्या संगणकावर लॉग आउट करायलाच हवे. ते राहून गेले, तर घरी येऊन ‘सर्व डिव्हाइसवरून लॉग आउट’ हा पर्याय वापरावा.

हरकत घ्यावी अशी कुकी वेगळीच. बातमीच्या पानावरची जाहिरात बहुधा तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि ती कंपनी आपली कुकी ठेवून जाते. अनेक साइट्सवर तीच कंपनी असल्याने वाचन, खरेदी, आजारांची शोधाशोध हे सारे एका धाग्यात ओवले जाते. सफारीने २०२० मध्ये अशा कुकी सरसकट अडवल्या. क्रोमने त्या बंद करण्याची घोषणा त्याच वर्षी केली आणि २०२४ मध्ये बेत फिरवला. तिथे सेटिंग्जमध्ये जाऊन त्या स्वतःच बंद कराव्या लागतात.

परवानगीच्या चौकटीत ‘सगळे स्वीकारा’ ठळक आणि नकार आडबाजूला, ही चलाखी जुनी आहे. फ्रान्सच्या नियामकाने २०२१ च्या अखेरीस त्यावरूनच गुगलला १५ कोटी युरोंचा दंड केला. नकार दिला तरी साइट सहसा चालते, कारण लॉगिनसाठी लागणारी कुकी त्यातून वगळलेली असते. इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की तिच्यातल्या कुकी पुसल्या जातात. भेट दिल्याची नोंद मात्र साइटकडे राहू शकते.