शरीररचनेचा पेपर: खर्च कशावर करावा, कशावर नाही

बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, जोगेश्वरी या वाळूज औद्योगिक पट्ट्यातल्या वसाहतींत बारावीनंतर फार्मसीकडे वळणारी मुलं बरीच आहेत. आजूबाजूला औषधांचे कारखाने आहेत, मेडिकल दुकानांची संख्या वाढते आहे, त्यामुळे घरच्यांनाही हा मार्ग ओळखीचा वाटतो. बी. फार्मच्या पहिल्याच सेमिस्टरला ‘ह्यूमन अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी’ समोर येतो. मुलं त्याला एचएपी म्हणतात. विषय मोठा, नावं लॅटिन आणि इंग्रजी. भीतीपोटी पालक पहिल्याच महिन्यात क्लासची फी भरून मोकळे होतात. तसं करण्याआधी या विषयाचे गुण कसे दिले जातात ते पाहा, म्हणजे पैसा कुठे घालायचा ते आपोआप कळेल.

भारतीय फार्मसी परिषदेच्या अभ्यासक्रमात थिअरीला १०० गुण आहेत. त्यातले ७५ सेमिस्टरअखेरच्या तीन तासांच्या पेपरला आणि २५ इंटर्नलला. या २५ पैकी १५ गुण दोन सेशनल परीक्षांच्या सरासरीतून येतात. उरलेल्या १० मध्ये ४ हजेरीचे, ३ क्विझ, असाइनमेंट, सेमिनार अशा कामांचे आणि ३ शिक्षकांशी होणाऱ्या संवादाचे. प्रॅक्टिकल ५० गुणांचं: १५ इंटर्नल, ३५ अंतिम. पास व्हायला थिअरीत इंटर्नल धरून ५० आणि प्रॅक्टिकलमध्ये २५ गुण लागतात.

आता हिशेब करा. इंटर्नलमध्ये २२ मिळाले असतील तर अंतिम पेपरात ७५ पैकी २८ पुरतात. इंटर्नल १० वर अडकलं तर ४० मिळवावे लागतात. हे बारा गुण वर्गात नियमित बसून, असाइनमेंट वेळेवर देऊन आणि सेशनलचा अभ्यास करून मिळतात. त्यासाठी वेगळी फी लागत नाही.

हजेरीचा भाग तर थेट प्रवासखर्चाशी जोडलेला आहे. ९५ टक्के किंवा जास्त हजेरीला ४ गुण, ९० ते ९४ ला ३, ८५ ते ८९ ला २, ८० ते ८४ ला १. त्याखाली शून्य, आणि परीक्षेला बसण्याची पात्रताही जाते. एका सेमिस्टरला एचएपीच्या थिअरीचे ४५ तास असतात. म्हणजे दोन तास बुडाले तरी चारही गुण राहतात. नऊच्या पुढे बुडाले की परीक्षाच धोक्यात येते. कंपन्यांच्या शिफ्ट सुटायच्या वेळी नगर रोडवर वाहनांची रांग लागते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शहरातल्या कॉलेजला जाणार असाल तर पहिल्या तासाच्या आधीची बस धरायची आणि महिन्याचा पास काढायचा. पासाचे पैसे हा या विषयावरचा सर्वात वसूल होणारा खर्च आहे.

पुस्तकांचं काय? अभ्यासक्रमाला धरून लिहिलेलं एक भारतीय पुस्तक तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळतं. ते घ्या, वरच्या वर्गातल्या कुणाचं जुनं मिळालं तर आणखी बरं. जाड परदेशी ग्रंथ ग्रंथालयात वाचावेत. इंग्रजी बऱ्यापैकी येत असेल तर ‘ओपनस्टॅक्स’चं अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी हे पूर्ण पाठ्यपुस्तक इंटरनेटवर फुकट आहे. प्रत्येक प्रकरणाखाली प्रश्न आहेत, मोबाइलवर उघडतं. सेशनलच्या ३० गुणांच्या पेपरात साधारण १० गुण बहुपर्यायी प्रश्नांचे आणि अंतिम पेपरात २० असतात, म्हणून हे प्रश्न सोडवणं कामाचं आहे. मात्र दीर्घोत्तरी आणि लघुत्तरी प्रश्न मिळून अंतिम पेपरात ५५ गुण होतात. ते हाताने लिहून, आकृती काढून, घड्याळ लावूनच सुधारतात.

प्रॅक्टिकलचा खर्च किरकोळ आहे: एप्रन, जर्नल, रंगीत पेन्सिली. पण इथलं शिक्षण पैशानं विकत मिळत नाही. पहिल्या सेमिस्टरच्या यादीत सूक्ष्मदर्शक, ऊतींच्या स्लाइड, हाडं ओळखणं, तांबड्या-पांढऱ्या पेशी मोजणं, हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तस्राव व गोठण्याचा वेळ, ईएसआर, नाडी आणि रक्तदाब असे प्रयोग असतात. अंतिम परीक्षेत ३५ पैकी २५ गुण प्रयोगाला, ५ सिनॉप्सिसला, ५ व्हायवाला. पेशी मोजताना पिपेटमध्ये हवेचा बुडबुडा शिरला किंवा कव्हरस्लिप नीट बसली नाही की उत्तर हमखास चुकतं, आणि ही चूक पाठांतरानं जात नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा हात चालवावा लागतो. रक्ताचे प्रयोग करताना प्रत्येकाला नवी, सीलबंद लॅन्सेट हवी. तिची किंमत फार तर काही रुपये असते. एकच सुई दोघांत वापरू दिली जात असेल तर स्पष्ट नकार द्या.

म्हणून प्रवेशाआधी कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा हे विचारा: एका बॅचमध्ये किती मुलं आणि किती सूक्ष्मदर्शक? तपासलेल्या सेशनल उत्तरपत्रिका मुलांना दाखवतात का? प्रयोग मुलं स्वतः करतात की शिक्षकांचा बघून जर्नल उतरवतात? ज्या कॉलेजात या प्रश्नांना सरळ उत्तर मिळतं, तिथे थोडी जास्त फी द्यावी लागली तरी चालेल.

फी मात्र कॉलेजने सांगितली म्हणून मान्य करू नका. विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजनिहाय ठरवतं आणि संकेतस्थळावर जाहीर करतं. ती आधी पाहा. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर हा लाभ हातचा जातो.

सेशनल बिघडली तर ती सुधारायची एक संधी नियमात आहे. ती विचारून घ्या, कारण पुढचा फटका मोठा असतो. पहिल्या आणि दुसऱ्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरला बसता येत नाही. एचएपीचा एक बॅकलॉग रेंगाळला तर परीक्षा शुल्क पुन्हा पुन्हा जातंच, शिवाय अख्खं वर्ष थांबावं लागू शकतं.

निकालावर शंका असेल तर उत्तरपत्रिकेची प्रत मागा. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे. माहिती अधिकारात अर्जाला १० रुपये आणि प्रत्येक पानाला २ रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्यांना अर्ज मोफत. पण उत्तर यायला ३० दिवस लागू शकतात आणि विद्यापीठाची पुनर्मूल्यांकनाची मुदत तोवर संपू शकते. म्हणून मुदत जवळ असेल तर विद्यापीठाच्या नेहमीच्या मार्गानेच प्रत मागावी, थोडे जास्त पैसे गेले तरी.

डी. फार्मला हिशेब थोडा वेगळा आहे: थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० अधिक २०, तीन सेशनलपैकी चांगल्या दोनची सरासरी, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्क्यांना पास.

राहिला क्लास. काही मुलांना तो खरोखर लागतो, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजीत अडणाऱ्यांना. तरीही पहिल्या सेशनलची तपासलेली उत्तरपत्रिका हातात येईपर्यंत थांबा. गुण कुठे गेले ते त्या कागदावर दिसेल. आकृतीत आणि प्रयोगात गेले असतील तर क्लासची फी भरू नका, शिक्षकांना भेटून प्रयोगशाळेत जादा वेळ मागा.